पाव ग्रॅम चांदी

दिवाळी तोंडावर आली की खामगावच्या सराफ्यात चांदीचे काटे दिवसभर खालीवर होत राहतात. 'रजतनगरी' हे बिरुद या गावाने उगाच मिरवलेलं नाही. खामगावची चांदी म्हणजे खोट नसलेली, असा तिचा विदर्भात जुना लौकिक आहे. निरांजन उलटं करून छाप बघायची, भाव विचारायचा आणि मग घडणावळीवर घासाघीस करायची, हा इथला रिवाज. या व्यवहारात पाव ग्रॅमचा विषयच निघत नाही. पैंजणाचा एखादा घुंगरू वाटेत गळून पडला तर तेवढी चांदी जाते आणि कोणी मागे वळूनही बघत नाही.

तेवढ्याच, किंबहुना त्याहून थोड्या कमी चांदीवर एके काळी भारतातली सर्वांत मोठी दुर्बीण चालत होती. ती पुण्यात होती.

हिशेब कागदावर मांडता येतो. २० इंच व्यासाचा काचेचा आरसा म्हणजे साधारण दोन हजार चौरस सेंटिमीटरचा पृष्ठभाग. अशा आरशांवर चांदीचा थर देतात तो मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका. गुणाकार केला की उत्तर येतं सुमारे दोन दशांश ग्रॅम. खालची जाडजूड काच फक्त आकार सांभाळते. ताऱ्याचा उजेड परतवून एका बिंदूवर आणायचं काम ती चांदी करते. भलीमोठी नळी, लोखंडी खांब, पितळी चक्रं, वजनांवर चालणारं घड्याळ आणि वर फिरता घुमट, हा सगळा संसार त्या थराच्या सेवेला.

पूर्वी हे आरसे तांबं आणि कथलाच्या मिश्रधातूचे, म्हणजे कांस्याच्या जातकुळीचे असत. ते जड, ठिसूळ आणि चटकन मंद पडणारे. १८५७ मध्ये फ्रान्समध्ये लिओं फूको यांनी काचेवर चांदी चढवून दुर्बिणीचा आरसा केला आणि चित्र पालटलं. सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया आणि साखरेची एखादी जात यांच्या द्रावणात काच ठेवली की चांदी आपसूक काचेवर बसते. मात्र घरच्या करंड्यासारखीच ही चांदीही हवेतल्या गंधकाने काळवंडते. करंडा चिंचेने नाहीतर रांगोळीने घासता येतो. आरशावर तसला हात फिरला तर आरसा संपलाच. जुना थर आम्लाने धुऊन काढायचा आणि नवा चढवायचा, एवढाच इलाज. जुन्या दुर्बिणीच्या आरशाची चांदी अशी अनेक जन्म घेत आलेली असते.

नायगमवालांची दुर्बीण

१८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजला पाच हजार रुपयांची देणगी दिली. तिथे भौतिकशास्त्र शिकवणारे कावसजी दादाभाई नायगमवाला तेव्हा पंचविशीत होते. मुंबई सरकारने तितक्याच रकमेची भर घातली. नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले, तिथल्या ज्योतिर्विदांशी बोलले आणि दुर्बिणीसाठी त्यांनी डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांना निवडलं. व्हिएन्नाच्या वेधशाळेसाठी २७ इंची भिंगाची दुर्बीण घडवून ग्रब यांनी त्या काळी नाव कमावलं होतं. पुढच्याच वर्षी नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये आले. दुर्बीण त्यांच्यामागोमाग आली आणि १८८८ मध्ये 'महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा' उभी राहिली.

मृगनक्षत्रातला तेजोमेघ हे त्यांचं एक आवडतं लक्ष्य. त्याच्या वर्णपटातल्या हिरव्या रेषेवरून तेव्हा इंग्लंडमधले दोन दिग्गज हमरीतुमरीवर आले होते. नॉर्मन लॉकयर यांच्या मते सगळी आकाशस्थ वस्तुजात उल्कांच्या टकरींतून घडलेली, आणि ती हिरवी रेषा तापलेल्या उल्कांमधल्या मॅग्नेशियमची. विल्यम हगिन्स यांना हे मान्य नव्हतं. वादाची किल्ली रेषेच्या कडेत होती. मॅग्नेशियमची असेल तर ती एका बाजूला धारदार आणि दुसऱ्या बाजूला पुसट दिसायला हवी. नायगमवालांनी पुण्याहून वेध घेऊन १८९१ मध्ये प्रसिद्ध केलं की रेषा दोन्ही बाजूंना स्वच्छ, रेखीव आहे. कौल हगिन्सकडे गेला. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, हे कळायला १९२७ साल उजाडावं लागलं.

लॉकयरना जिकडेतिकडे उल्का दिसत होत्या, आणि उल्केने खरोखर खणलेलं लोणारचं विवर त्या काळी ज्वालामुखीचं मुख समजलं जात होतं. खामगावच्या बुलढाणा जिल्ह्याला ही गंमत ठाऊक असायला हरकत नाही.

जलंबवरून गेलेली गाडी

शके १८१९ ची पौष अमावस्या शनिवारी आली. तारीख २२ जानेवारी १८९८. शनि-अमावस्येला भर दुपारी खग्रास सूर्यग्रहण, आणि चंद्राच्या सावलीची वाट कोकणातल्या विजयदुर्गापासून निघून सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून वऱ्हाडात शिरणारी. दिवस बरे नव्हते. पुण्यात प्लेगने घरं रिकामी केली होती, रँडच्या खुनाला सात महिने झाले होते, टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. वऱ्हाड आदल्या वर्षीच्या दुष्काळातून नुकतं सावरत होतं. अशा दिवसांत युरोप-अमेरिकेतून पेटाऱ्यांमागून पेटारे मुंबईच्या बंदरात उतरले.

ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या एका तुकडीने मुक्कामासाठी तळणी निवडलं. धामणगाव आणि पुलगावच्या मधलं हे लहानसं स्टेशन. मुंबईहून तिथे जाणारी लोहमार्गाची वाट भुसावळ, जलंब, शेगाव, अकोला, बडनेरा अशीच आहे. जलंबला खामगावचा फाटा फुटतो. कापसाच्या गाठी मुख्य मार्गापर्यंत आणण्यासाठी घातलेला हा तेरा किलोमीटरचा लोहमार्ग १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंच्या हस्ते सुरू झाला होता. ज्या रुळांवरून खामगावचा कापूस मुंबईकडे जायचा, त्याच रुळांवरून उलट दिशेने भिंगं, प्रिझमं आणि फोटोच्या काचा आल्या. खामगावात खग्रास स्थिती नव्हती; सावलीची कड दक्षिणेकडून निघून गेली आणि गावाच्या वाट्याला सूर्याची बारीक कोर उरलेलं ग्रहण आलं.

तळणीच्या तुकडीत एक बाई होत्या. अॅनी माँडर. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकून ग्रिनिचच्या वेधशाळेत महिना चार पौंडांवर 'लेडी कॉम्प्युटर' म्हणून त्या कामाला लागल्या. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारं माणूस. तिथे त्या सूर्यावरच्या डागांच्या छायाचित्रांची मोजमापं करत. १८९५ मध्ये त्यांनी त्याच विभागाचे प्रमुख वॉल्टर माँडर यांच्याशी लग्न केलं आणि नियमानुसार नोकरी सोडली. विवाहित स्त्रीला सरकारी खात्यात जागा नव्हती. तळणीला त्या आल्या त्या स्वतःचा कॅमेरा घेऊन, कॉलेजने दिलेल्या अभ्यासवृत्तीच्या बळावर.

कॅमेऱ्याचं भिंग होतं दीड इंचाचं.

तिकडे जेऊरला कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा रोखून बसले होते. भिंग पाच इंची, आणि पडद्यावर पडणारी सूर्याची प्रतिमा जवळजवळ साडेचार इंचांची, म्हणजे चहाच्या बशीएवढी. बाईंच्या नऊ इंच लांबीच्या कॅमेऱ्यात सूर्य दोन मिलिमीटरचा, तिळाएवढा. वरवर बघता सामना एकतर्फी. पण सूर्याचा प्रभामंडल ही ताऱ्यासारखी टिंबभर वस्तू नाही, ते पसरलेलं धूसर तेज आहे. अशा तेजाच्या बाबतीत भिंग किती मोठं याला महत्त्व नसतं. भिंगाच्या मानाने कॅमेरा किती आखूड, याला असतं. चाळीस फुटी कॅमेऱ्यात उजेड मोठ्या प्रतिमेवर पसरून पातळ होतो, नऊ इंचीत तो गोळा होतो. दोन्हींचं गणित केलं तर काचेच्या तेवढ्याच तुकड्यावर बाईंच्या कॅमेऱ्यात अडीचशे पट उजेड पडत होता. कॅम्पबेलना सूर्याच्या कडेजवळचा बारीक तपशील हवा होता, त्यासाठी त्यांचं यंत्र योग्यच होतं. बाईंना हवे होते प्रभामंडलाचे लांबवर विरत गेलेले झोत.

खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात काचा बदलायच्या, भिंग उघडायचं, झाकायचं, आणि हे सगळं भर दुपारच्या अंधारात. नंतर काच धुतली तेव्हा तिळाएवढ्या काळ्या बिंबापासून अंगठ्याच्या नखाएवढ्या लांबीचा एक झोत निघालेला दिसला. आकाशात त्याची लांबी होत होती सूर्याच्या त्रिज्येच्या चौदापट, जवळपास एक कोटी किलोमीटर. तोवर इतका लांब झोत कोणाच्याही छायाचित्रात उमटला नव्हता. फोटोच्या काचेवर उजेड पकडते तीही चांदीच, चांदीचं ब्रोमाइड. फरक एवढाच की आरशावरची चांदी तेज पुढे धाडून मोकळी होते, आणि काचेवरची काळी पडून ते धरून ठेवते.

ओटे आणि दंतकथा

विजयदुर्गावर खुद्द लॉकयर आले होते. 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या हाताखाली राबले. किल्ल्यावर यंत्रांसाठी बांधलेल्या चौथऱ्यांना लोक आजही 'साहेबाचे ओटे' म्हणतात. हेलियमचा शोध इथेच लागला असं तिथे अभिमानाने सांगितलं जातं आणि १८ ऑगस्टला हेलियम दिनही साजरा होतो. त्या तारखेचं ग्रहण खरं, पण ते १८६८ चं. तेव्हा फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते, लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत होते, आणि लॉकयर इंग्लंडात. हेलियमची पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहणाशिवाय, तिथूनच टिपली. विजयदुर्गला ते पोचले तीस वर्षांनी, आणि तोवर १८९५ मध्ये रॅम्झे यांनी हेलियम पृथ्वीवरही शोधून काढला होता. ओटे खरे आहेत, साहेबही खरा आहे. दंतकथेने फक्त साल बदललं.

नायगमवाला त्या दुपारी जेऊरला होते. त्यांच्या शिबिराचा तपशीलवार अहवाल पुण्याच्या वेधशाळेचा पहिला ग्रंथ म्हणून १९०२ मध्ये निघाला. ज्यांच्या मताला त्यांनी सात वर्षांपूर्वी छेद दिला होता ते लॉकयर, आणि ते स्वतः, दोघे एकाच सावलीच्या वाटेवर उभे होते.

त्याच वाटेवर तळणीला आणखी एक गृहस्थ होते, जॉन एव्हरशेड. वर्णपट हे त्यांचं वेड. ग्रहणाच्या त्या दोन मिनिटांत त्यांनी हायड्रोजनच्या रेषांची माळ जिथे संपते तिथून पुढे जंबुपार भागात अखंड पसरलेलं तेज टिपलं. हे गृहस्थ पुन्हा हिंदुस्थानात येणार होते.

पुणे सुटलं

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही बंद पडली. चोवीस वर्षांचा कारभार एका माणसाच्या खांद्यावर होता. तो उतरला तसा पाया सुटला. यंत्रं पेटाऱ्यांत भरून कोडाईकनालला रवाना झाली. तिथल्या सौर वेधशाळेचे संचालक तेव्हा होते एव्हरशेड. १९०७ मध्ये ते सहायक म्हणून तिथे आले, १९०९ च्या जानेवारीत सूर्यावरच्या डागांमधून वायू बाहेरच्या बाजूला वाहतो हे त्यांनी दाखवलं, आणि १९११ मध्ये वेधशाळा त्यांच्या ताब्यात आली. वऱ्हाडातल्या तळणीला सावली बघितलेल्या माणसाच्या अंगणात, जेऊरला सावली बघितलेल्या माणसाची दुर्बीण येऊन पडली.

तिथे तिला 'भावनगर दुर्बीण' हेच नाव चिकटलं. देणगी देणाऱ्याचं गाव नावात राहिलं. पुणे राहिलं नाही, नायगमवालाही राहिले नाहीत. १९३८ मध्ये ते वारले. भारतात याहून मोठी दुर्बीण यायला त्यानंतरही बरीच वर्षं लागली.

कॅमेरा घेऊन घुमटात

मे महिन्यात कोडाईकनालला गेलेली मराठी मंडळी बहुतेक तळ्यावरूनच परततात. तळ्याच्या वरच्या अंगाला, २,३४३ मीटर उंचीवर, वेधशाळा आहे. तिच्या संग्रहालयात सूर्याची जिवंत प्रतिमा आणि त्याचा उलगडलेला वर्णपट बघायला मिळतो. सूर्याच्या बिंबावर डाग असला तर लहान मुलं हात मध्ये घालतात आणि डाग तळव्यावर येतो.

इथली एक दुर्बीण मात्र नुसती जुनी वस्तू म्हणून बघण्याजोगी नाही. भिंग सहा इंची, जन्म १८५० चा, आणि तिची दुरुस्ती-डागडुजी केली ती ग्रब यांनीच, १८९८ मध्ये, तळणीच्याच वर्षी. सूर्याचा रोजचा फोटो काढायचं काम या दुर्बिणीकडे आलं. कोडाईकनालच्या पांढऱ्या उजेडातल्या सूर्यचित्रांची मालिका १९०४ पासूनची आहे, कॅल्शियमच्या रेषेतल्या चित्रांची १९०७ पासूनची. आभाळ ज्या सकाळी मोकळं, त्या सकाळी एक काच. हे सगळं भांडार आता संगणकावर चढवलं गेलं आहे, आणि शंभर वर्षांमागचे डाग आजचे अभ्यासक नव्याने मोजतात. अॅनी माँडर लग्नाआधी ग्रिनिचला जे काम करत, तेच हे काम.

जुन्या दुर्बिणीचा फोटो काढायला निघालेल्याने आधी परवानगी घ्यावी आणि मग फ्लॅश पिशवीतच ठेवावा. पितळेवर फ्लॅश पडला की पांढरा डाग उमटतो आणि बाकी सगळं काळोखात बुडतं. घुमटाची फट थोडी उघडून मिळाली तर उत्तम. तिपाईवर कॅमेरा लावून दोन-चार सेकंद उजेड आत येऊ द्यावा. कारागिराच्या नावाची पट्टी समोरून वाचता येत नाही, टॉर्च अगदी कडेने धरला की कोरीव अक्षरं सावलीसकट वर येतात. अंशांच्या बारीक रेघा ओढलेलं चक्र जवळून टिपावं. बोटं लागून लागून जिथे पितळ पिवळंधमक झालेलं असतं, ती जागा हमखास हात धरायची असते. चालू दुर्बीण सूर्याकडे रोखलेली असेल तर योग्य गाळणीशिवाय डोळा किंवा कॅमेरा तिच्या टोकाशी कधीही नेऊ नये.

आणि एक फोटो बाजूने, कॅमेरा पाणसळीत धरून काढावा. ग्रब घडवत त्या जातीच्या दुर्बिणीचा मुख्य दांडा ध्रुवाकडे रोखलेला असतो, म्हणून तो जमिनीशी बरोबर त्या गावाच्या अक्षांशाइतका कोन करतो. डब्लिनला ५३ अंश, पुण्याला साडेअठरा, कोडाईकनालला जेमतेम सव्वादहा. पुण्याहून गेलेली दुर्बीण कोडाईकनालला उभी करायची तर दांडा आठेक अंशांनी खाली वाकवावा लागतो. खामगावात असती तर तो पावणेएकवीस अंशांवर राहिला असता.

खामगावला यापुढचं सूर्यग्रहण बघायला दुर्बीण लागणार नाही, ग्रहणाचा चष्मा पुरेल. २ ऑगस्ट २०२७ ला, सोमवारी दुपारनंतर, महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल, पावसाने उघडीप दिली तर. त्या दिवशी आषाढ अमावस्या आहे, दिव्याची अवस. सकाळपासून घरोघरी समया, निरांजनं, लामणदिवे खाली उतरतील, चिंचेने आणि रांगोळीने घासले जातील, आणि चकचकीत होऊन पाटावर ओळीने मांडले जातील. साडेचार-पाचच्या सुमाराला कोणीतरी अंगणातून हाक मारेल, आणि हाताला चांदीचा काळा मळ लागलेला असतानाच बाया चष्मा शोधत बाहेर येतील.